मध्ये कोण उभं आहे?

सुट्टीहून परत येताना आमची गाडी एका जंक्शनला वीसेक मिनिटं थांबते. इंजिन काढून दुसऱ्या टोकाला लावतात आणि तेवढ्यात सगळी जनता वडापाव आणायला पळते. या दिवाळीनंतर माझ्याकडे घरच्या चकल्या होत्या, म्हणून मी वडापाव सोडून इंजिन बघायला गेले. मेकॅनिकलची मुलगी, टीओएम जेमतेम सुटलेला. म्हटलं, बघू तरी कपलिंग कसं करतात. (या शब्दाला माझ्या कॉन्व्हेंटी मराठीत पर्याय नाही. आजीला विचारलं तर ती म्हणाली, "डबे जोडणं, आणि काय!")

इंजिन येऊन डब्याला टेकलं आणि एक माणूस बफरखालून वाकून मध्ये शिरला. जड स्क्रू कपलिंग उचलून त्याने हुकात अडकवलं, दांडा फिरवून फिरवून आवळलं, ब्रेकचे होज जोडले आणि काळ्या हातांनी बाहेर आला. तेवढा सगळा वेळ त्याच्या एका बाजूला इंजिन होतं आणि दुसऱ्या बाजूला अख्खी गाडी. प्लॅटफॉर्मवर लोक चहा पीत होते.

नोव्हेंबर २०२४ मध्ये बिहारमधल्या बरौनी जंक्शनवर याच कामात एक रेल्वे कर्मचारी इंजिन आणि डबा यांच्यात चिरडून मेला. तो फोटो सगळ्यांच्या मोबाइलवर फिरला. आमच्या बॅचच्या ग्रुपवरही आला. चारपाच रडके चेहरे पडले आणि पुढच्याच मिनिटाला कोणीतरी सबमिशनची तारीख विचारली. ते विचारणारी मीच होते.

नंतर लायब्ररीत बसून वाचलं तेव्हा खरा राग आला. कारण डबे जोडायला माणूस मध्ये लागू नये, ही युक्ती १८७३ सालीच निघालेली आहे.

त्या काळी अमेरिकेत 'लिंक अँड पिन' पद्धत होती. प्रत्येक डब्याच्या टोकाला लोखंडी खोबण, दोन डब्यांमध्ये एक लांबट कडी, आणि वरून टाकायची पिन. डबा अंगावर चालून येत असताना ब्रेकमनने मध्ये उभं राहायचं, हाताने कडी समोरच्या खोबणीत घालायची, पिन टाकायची आणि हात वेळेवर काढून घ्यायचा. हे शेवटचं जमलं नाही की बोटं गेली. असं सांगतात की नोकरी मागायला आलेल्या ब्रेकमनची बोटं कमी असली, तर तो अनुभवी समजला जाई. म्हणजे आपल्या बायोडेटातला एक्स्पिरियन्सचा कॉलम तिथे हातावरच लिहिलेला असे.

१८७३ मध्ये एली जॅनी या व्हर्जिनियातल्या माणसाने पेटंट घेतलं. हा गृहस्थ इंजिनिअर नव्हता. यादवी युद्धात दक्षिणेच्या फौजेत होता, नंतर दुकानात कारकून. त्याने चाकूने लाकूड तासून मॉडेल बनवलं. कल्पना समजायला ड्रॉइंग शीट नको. दोन्ही हातांची बोटं हुकासारखी वाकवा आणि एकमेकांत अडकवा. झालं जॅनी कपलर! त्यातलं वाकडं 'नकल' बिजागरीवर फिरतं. समोरचा डबा येऊन आदळला की त्या धक्क्यानेच ते मिटतं, आणि मागून एक लॉक स्वतःच्या वजनाने खाली पडतं. आता कितीही ओढा, नकल उघडत नाही. सोडवायचं असेल तर डब्याच्या कडेला उभं राहून दांडा उचलायचा, की लॉक वर. स्प्रिंग नाही, मोटर नाही, सगळं गुरुत्वाकर्षणाच्या भरवशावर. मला तर हे प्रकरण आमच्या पूर्ण टेक्स्टबुकपेक्षा सुंदर वाटतं.

मग १८७४ पासून बोटं वाचू लागली असतील ना? अजिबात नाही. १८९३ च्या एका वर्षात अमेरिकन रेल्वेवर डबे जोडता-सोडवताना ४३३ माणसं मेली आणि ११,२७७ जखमी झाली. पेटंट निघून २० वर्षं झाली होती! कपलरची पेटंटं तर हजारोंनी पडली होती. पण एका कंपनीचे डबे दुसऱ्या कंपनीच्या रुळांवर जायचे. मी एकट्याने नवा कपलर बसवला तर शेजाऱ्याच्या जुन्याशी जुळणार कसा? आणि खर्च कोणी करायचा? ब्रेकमन मात्र फुकटात बदलून मिळत होता. १८८० च्या दशकाच्या शेवटी जॅनीच्या नमुन्याला स्टँडर्ड मानलं गेलं, त्यासाठी त्या आकारावरचा पेटंटचा हक्कही सोडून देण्यात आला. तरीही कंपन्या ढिम्म. शेवटी कामगारांनी आणि लोरेन्झो कॉफिन नावाच्या आयोवातल्या एका शेतकऱ्याने वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, तेव्हा मार्च १८९३ मध्ये अध्यक्ष हॅरिसन यांनी कायद्यावर सही केली. मुदत दिली होती १८९८ ची, ती वाढत १९०० पर्यंत गेली.

त्या कायद्यातली मला आवडलेली गोष्ट म्हणजे त्यात जॅनीचं नावच नाही. कुठलं डिझाइन वापरा, किती जाड पोलाद घ्या, काही नाही. एवढंच की कपलर धक्क्याने आपोआप जोडला जावा आणि सोडवताना माणसाला दोन डब्यांच्या मध्ये जावं लागू नये. आम्ही स्पेसिफिकेशन लिहितो ते टॉर्क, आरपीएम आणि कॉस्टचं. इथे माणसाने कुठे उभं राहायचं नाही हेच स्पेसिफिकेशन आहे!

तरीही पळवाट निघालीच. ऑगस्ट १९०० मध्ये युटामधल्या प्रोमोंटरी इथे जॉन्सन नावाच्या ब्रेकमनला इंजिन एका डायनिंग कारला जोडायला सांगितलं. इंजिनाला जॅनी कपलर, डायनिंग कारला मिलर हुक. दोन्ही ऑटोमॅटिक, फक्त एकमेकांशी जुळणारे नाहीत. जॉन्सन मध्ये गेला आणि त्याचा हात गेला. कंपनी कोर्टात म्हणाली, दोन्हीकडे ऑटोमॅटिक कपलर आहे, मग कायदा मोडला कुठे? खालच्या कोर्टांना ते पटलंही. डिसेंबर १९०४ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते उलटवलं. मध्ये जावं लागलं ना? मग कायदा मोडला. हॉस्टेलमध्ये खोलीभर चार्जर असून आपल्या फोनचा एकही नसतो, ते ज्यांना ठाऊक आहे त्यांना हा निकाल चटकन कळेल.

आमचे एक सर म्हणाले, "अगं, आपल्याकडेही सीबीसी आलंय की!" मान्य. मालगाड्यांना सेंटर बफर कपलर आहे, नव्या एलएचबी डब्यांनाही आहे. स्क्रू कपलिंगचे जुने आयसीएफ डबे बनवणं २०१८ मध्ये थांबलं. पण जे बनलेत त्यातले पुष्कळ अजून धावतायत, आणि सीबीसी असलं तरी ब्रेकचे होज जोडायला मध्ये जावंच लागतं. आणि नुसती आपल्यालाच नावं ठेवायला नकोत, युरोपातल्या बहुतेक मालगाड्या अजूनही स्क्रू कपलिंगवर चालतात. जर्मन इंजिनिअरिंग म्हणून आपण ज्याला हात जोडतो, ते इथे जॅनीच्या मागे आहे.

आता मेसकडे या. कणीक मळायचं मशीन तुम्ही पाहिलं नसेल, कारण आपण फक्त पोळ्या गरम नाहीत एवढंच बघतो. त्याचं झाकण उघडलं की मशीन थांबावं म्हणून स्विच आहे. तो तारेने बांधून ठेवलाय. मागच्या सेमला मामांची दोन बोटं फिरत्या दांड्याला लागली, नखं गेली. सगळे म्हणाले, मामांचा निष्काळजीपणा. मी विचारलं तेव्हा मामा म्हणाले, "ताई, पाणी बघून बघून घालावं लागतं. दर वेळी झाकण उघडून मशीन बंद पडलं, तर चारशे पोरांची कणीक कधी व्हायची?"

म्हणजे स्विच बसवणाऱ्याने बोटांचा विचार केला, पण कणकेचा नाही केला. झाकण न उघडता पाणी आणि पीठ घालता आलं, तर तार बांधायची गरजच पडणार नाही.

आम्ही तिघींनी झाकणाचं माप घेतलंय. फनेल, आडवी जाळी आणि आतलं दिसायला पारदर्शक पट्टी, इतकंच काम आहे. मिनी प्रोजेक्टला टायटल दिलं होतं, "फार छोटं आहे" म्हणून परत आलं. सोमवारी पुन्हा देणार आहोत, यावेळी मामांच्या सहीसकट.