फोटोपुरती मुभा

लग्नाआधी जोडप्याने बाहेर कुठेतरी जाऊन फोटो काढून घेण्याच्या रिवाजाला माझा विरोध नाही, हे आधीच सांगून टाकते. या विषयावर तोंड उघडले की लोक तुम्हाला लगेच संस्कृतिरक्षकांच्या रांगेत नेऊन उभे करतात. दोन माणसांनी लग्नापूर्वी एक अख्खा दिवस उघड्यावर, वडीलधाऱ्यांच्या नजरेबाहेर घालवावा आणि त्याची आठवण म्हणून चार फोटो ठेवावेत, यात वावगे काय? मुलामुलीला आतल्या खोलीत पंधरा मिनिटे बोलू देणे हेच ज्या घरांत पुढारलेपण होते, त्याच घरांतली मुलगी आता पहाटे पाचला होणाऱ्या नवऱ्याबरोबर गाडीत बसून निघते आणि कोणी हूं की चूं करत नाही. हा लाभ लहान नाही. माझे भांडण आहे ते कपड्यांशी: त्या दिवशी काय घालायचे हे कोण ठरवते, कोणासाठी ठरवते, आणि तो दिवस सरल्यावर त्या कपड्याला घरात जागा असते की नाही, याच्याशी.

मी बडोद्याच्या मराठी घरात वाढले. घरचा धंदा साड्यांचा. त्यामुळे लग्न ठरले की नात्यातल्या मुली कपड्यांबद्दल मला विचारतात. गेल्या हिवाळ्यात एका भाचीने फोटोग्राफरकडून आलेली यादी पाठवली, ‘मावशी, जरा बघ ना,’ म्हणून. यादीत चार ‘लूक’ होते. पहिला चांपानेरच्या जुन्या मशिदीसमोर: तिला फिकट गुलाबी, दोन माणसांएवढा लांब शेपटा असलेला झगा, त्याला बेज रंगाचा कोट. दुसरा ‘ट्विनिंग’: दोघांना पांढरे टीशर्ट आणि निळी जीन. तिसरा ‘मराठमोळा’: तिला शिवलेली नौवारी, नथ, चंद्रकोर, त्याला सदरा, धोतर आणि भाड्याची बुलेट. चौथा ‘गावाकडचा’: तिला इरकल, त्याला बंडी आणि गांधी टोपी, सोबत बैलगाडी. तिच्यासाठी चार पादत्राणे आणि तीन केशरचना सांगितल्या होत्या. त्याच्यासाठी एका ओळीत लिहिले होते: ‘बूट स्वच्छ असावेत.’

अशा याद्यांतल्या काही सूचना अगदी रास्त असतात आणि त्या मान्यच केल्या पाहिजेत. फार बारीक चौकडी किंवा रेघा असलेले कापड कॅमेऱ्यात लहरी मारते, कापडात नसलेली नक्षी फोटोत उमटते. भर उन्हात पांढरा रंग जळाल्यासारखा दिसतो, त्यातली वीण हरवते. झगझगीत पोपटी किंवा नारिंगी कपड्याचा रंग हनुवटीखाली परावर्तित होऊन चेहरा आजारी भासतो. हिरवळीवर हिरवी साडी नेसली की माणूस झाडीत विरून जातो. हे प्रकाशाचे नियम आहेत आणि फोटोग्राफर ते सांगतो तेव्हा तो आपले काम करतो. तक्रार सुरू होते ती प्रकाशाच्या नियमांच्या आडून आवडीनिवडींचे नियम घुसवले जातात तिथे. ‘गडद रंग टाळा, तुमच्या वर्णाला पेस्टल खुलेल,’ हे वाक्य कुठल्याही भिंगाने सांगितलेले नाही.

पेस्टलची ही लाट कुठून वर आली ते आपल्याला ठाऊक आहे. डिसेंबर २०१७ मध्ये अनुष्का शर्मा आणि विराट कोहली यांचे इटलीतल्या टस्कनीत लग्न झाले. तिचा फिकट गुलाबी लेहंगा देशभरच्या फोनवर पोचला आणि लाल-हिरव्या-पिवळ्याला एकाएकी जुनाटपणाचा वास येऊ लागला. टस्कनीच्या हिवाळ्यातल्या तिरप्या, मऊ उजेडात तो रंग सुंदरच दिसला. पण तो उजेड भाड्याने मिळत नाही. मार्चमधल्या सकाळी साडेदहाला गुजरातच्या किंवा मराठवाड्याच्या उन्हात तोच गुलाबी पार विटून जातो. फिकट रंग आपल्याला परके आहेत असे माझे म्हणणे नाही. लखनौची चिकनकारी, केरळचा कसवू, चंदेरीचा दुधी पोत ही आपलीच संपत्ती. पण ती प्रामुख्याने अंगाला वारा लागू देणाऱ्या तलम कापडाची संपत्ती आहे. पॉलिएस्टरच्या जाळीवर खडी चिकटवून शिवलेल्या झग्याने फक्त रंग उचलला, वारा बाहेरच ठेवला.

पुढचे काम ‘प्रीसेट’ करते. फोटो काढून झाल्यावर संगणकावर एक तयार रंगसाचा सगळ्या फोटोंवर ओतला जातो. हल्लीच्या आवडत्या साच्यात हिरवा रंग दाबून तपकिरी करतात. आषाढातला सह्याद्री, जो डोळ्यांना सहन होणार नाही इतका हिरवा असतो, तो या साच्यातून वाळक्या गवतासारखा बाहेर पडतो. त्याच फेरीत मुलीचा सावळा रंग दोन पायऱ्या उजळतो. रंगीत फिल्मच्या काळात प्रयोगशाळा त्वचेचा रंग जुळवण्यासाठी ‘शर्ली कार्ड’ वापरत आणि त्यावर बहुधा एक गोरी बाई असे. मग इतरांचे रंग बिघडले तरी यंत्राच्या लेखी सारे ठीकच असायचे. ते कार्ड मागे पडले. आता कार्डाचे काम आपणच करतो, आणि त्याचे पैसेही भरतो.

आता त्या झग्याकडे येऊ. फोटोत तो आपोआप उडतो. प्रत्यक्षात एक पोरगा शेपटाचे टोक धरून उभा असतो, ‘तीन’ म्हटले की कापड हवेत फेकतो आणि चौकटीबाहेर पळतो. पुन्हा फेकतो, पुन्हा पळतो. मुलगी तोवर मान वळवून, पोट आत घेऊन, ऊन डोळ्यांत घेऊन हसत उभी. झगा भाड्याचा, त्यावर अनामत रक्कम. चिखल लागला, जाळी फाटली की ती कापली जाते. म्हणून तिला बसता येत नाही, पायऱ्या चढता येत नाहीत, कणीस खाता येत नाही. कपडे बदलायला जागा नसते. तो झाडामागे जाऊन शर्ट बदलून येतो. ती गाडीच्या काचांना ओढण्या लावून, मागच्या सीटवर अंग चोरून, चार वेळा बदलते. स्वच्छतागृह नसते म्हणून सकाळपासून पाणीही बेतानेच पिते. ‘आयुष्यातला सर्वांत सुंदर दिवस’ अशी या दिवसाची जाहिरात होते. त्यातला तिचा निम्मा वेळ गाडीच्या मागच्या सीटवर जातो, हे जाहिरातीत नसते.

‘गावाकडचा लूक’ तर मला सगळ्यांत जास्त सलतो. नौवारी हे कष्टाचे वस्त्र होते. कासोटा घातला की वाफ्यात उतरता येते, डोईवर ओझे घेऊन चालता येते. इरकलीच्या जोडीने नेसल्या जाणाऱ्या खणाच्या चोळीचे कापड बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डच्या मागांवरून येई. महाराष्ट्रातल्या बायांनी ते इतके आपले केले की त्याचा पत्ता कर्नाटकातला आहे हे आज सांगावे लागते. शिवलेल्या नौवारीची मी टर उडवणार नाही. जिला नेसता येत नाही तिला ती घालता आली, हे चांगलेच झाले. पण बांधावर हे फोटो चालू असतात तेव्हा तिथे खरोखरच लुगडे नेसून खुरपणारी एखादी बाई असते, आणि तिला सांगतात, ‘मावशी, जरा बाजूला व्हा, फ्रेममध्ये येताय.’ तिचा पोशाख हवा, ती नको. कोळीणवाड्यात, धनगरवाड्यात, जैसलमेरच्या वाळूत उंटवाल्याच्या बाबतीत हेच चालते. ज्याचे कपडे उसने घेतले त्यालाच चौकटीबाहेर काढण्याला मी हौस म्हणणार नाही. हा आडमुठा उद्दामपणा आहे.

यावर कोणी म्हणेल, पूर्वीचे फोटो तरी कुठे खरे होते? नव्हतेच. जुन्या स्टुडिओत रंगवलेला पडदा असे, त्यावर कमान आणि कारंजे. ज्याच्याकडे कोट नाही त्याला स्टुडिओचा कोट मिळे. नवरा खुर्चीत आणि बायको खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी, हाही बसवलेलाच देखावा. आमच्या बडोद्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्यासाठी राजा रविवर्म्याने पौराणिक चित्रे रंगवली. पुढे १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढून देवींच्या तसबिरी घरोघर पोचवल्या आणि त्यांच्या साड्या पाहून देशभरच्या बायकांनी देवी कशी नेसते ते ठरवून टाकले. चित्राने पोशाख शिकवणे जुनेच आहे. फोटोसाठी विचारपूर्वक कपडे घालणेही जुने आहे. १८८५ मध्ये फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात तीन विद्यार्थिनींनी एकत्र फोटो काढवून घेतला: आनंदीबाई जोशी, जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लामबूली. तिघी आपापल्या देशाच्या पोशाखात. तो फोटोही सजूनच काढलेला आहे. पण त्यातले कपडे त्यांच्याबद्दल काहीतरी सांगतात: आम्ही कुठून आलो आणि इथे काय करायला आलो. भाड्याचा गुलाबी झगा फक्त दुकानाबद्दल सांगतो. आज तो हिच्या अंगावर, उद्या दुसरीच्या, आणि सगळ्यांचे फोटो सारखे.

एवढ्यावरच माझी तक्रार थांबली असती तर ती नावड म्हणून सोडून देता आली असती. खरी गोष्ट पुढे आहे. या झग्यांचे गळे मोठे असतात, पाठी उघड्या असतात, बाह्या नसतात. हे फोटो आणि त्यांची चित्रफीत लग्नाच्या हॉलमध्ये मोठ्या पडद्यावर चालते. सासू, सासरे, मामा, काका, दीर सगळे जेवता जेवता पाहतात, टाळ्या वाजवतात. आणि त्याच घरात पंधरा दिवसांनी त्या मुलीला सांगितले जाते की इथे बिनबाह्यांचे चालत नाही, पाहुणे आले की ओढणी घे, सणाला साडीच नेस. मी हे एका घरात पाहिले असते तर त्या घराचा दोष म्हटले असते. मी ते इतक्या घरांत पाहिले आहे, मराठी, गुजराती, सिंधी, मारवाडी, की ती आता पद्धतच म्हणावी लागेल. पडद्यावरची उघडी पाठ ही त्या घराची ऐपत दाखवते. स्वयंपाकघरातली उघडी पाठ त्याच घराची अब्रू घालवते. मुलगी मात्र दोन्हीकडे तीच. फोटोतली मुभा तिला मिळालेलीच नव्हती, ती घराने आपल्यासाठी घेतली होती.

म्हणूनच बंदी घालणाऱ्यांशीही माझे जमत नाही. २०१९ मध्ये भोपाळमध्ये काही समाजांच्या संस्थांनी असे फोटो काढण्यावर बंदी जाहीर केली. तशा हाका नंतरही इतरत्र ऐकू येत राहिल्या. त्यांना उघडी पाठ दिसते, घरातली मनाई दिसत नाही. फोटो बंद केल्याने ओढणीची सक्ती सुटणार नाही, उलट तो एक मोकळा दिवसही जाईल. झगा घालायला लावणारे आणि झगा काढायला लावणारे यांचे एका गोष्टीवर एकमत आहे: तिने काय घालायचे ते दुसऱ्याने ठरवायचे.

मग घालावे काय? कपड्यांच्या घरात वाढल्यामुळे मी हा प्रश्न टाळणार नाही. जे घालून जमिनीवर बसता येईल, चार पायऱ्या चढता येतील, वडापाव खाता येईल आणि लघवीला जाता येईल, ते घालावे. ज्यात मांडी घालता येत नाही त्या कपड्यातले हसू चेहऱ्यावर टिकत नाही, आणि कॅमेऱ्याला ते लगेच कळते. रंग जुळवू नयेत. तुम्ही बँडवाले नाही. तिला जांभळा आवडतो आणि त्याला राखाडी, तर एका चौकटीत जांभळा आणि राखाडी असू द्या; दोघे वेगळे आहेत हेच तर त्या फोटोत दिसायला हवे. कपडे स्वतःचे असावेत: आईचे नारायणपेठ, मित्राने दिलेला कुर्ता, पहिल्या पगारातली साडी, कॉलेजची जीन. आमच्या गुजरातेत मशरू विणतात, वर रेशमी झळाळी आणि अंगाला लागतो तो सुती धागा. कापड कसे निवडावे याचा मला माहीत असलेला सर्वांत शहाणा नमुना तोच. एकच पोशाख घाला, फार तर दोन, म्हणजे मागची सीट रिकामी राहील आणि दिवस तुमचा राहील.

आणि एक अट, हीच सगळ्यांत महत्त्वाची. फोटोत जे घालाल ते लग्नानंतर त्याच घरात, त्याच माणसांसमोर, साध्या मंगळवारी घालता येईल का, हे कपडे ठरवतानाच एकमेकांना मोठ्याने विचारा. उत्तर ‘नाही’ असेल तर झगा बदलू नका. आधी ते उत्तर बदलून घ्या. ते बदलत नसेल तर तारीख ठरवण्याआधी विचार करा. हा प्रश्न मुलाने आपल्या घरी विचारायचा आहे, तिने नव्हे. बूट स्वच्छ ठेवण्यापलीकडे त्या यादीत त्याच्यासाठी काही काम नव्हते. हे घ्या काम.