साठ्याची नोंद, ज्ञानाची उपेक्षा

सरकारी रुग्णालयांतील औषधसाठा ‘ई-औषधी’ या सामायिक संगणकप्रणालीत नोंदवला जातो. हिशेब हवाच, गळतीला आळा त्यानेच बसतो. परंतु औषध देणाऱ्याच्या ज्ञानाचा हिशेब कोण ठेवतो? सेनगावच्या खिडकीपाशी आलेली शेतमजूर स्त्री ‘गोळी जेवणाआधी की नंतर?’ असे विचारते, ते माणसाला, यंत्राला नव्हे. म्हणूनच १९४८च्या फार्मसी कायद्याने चिठ्ठीवरील औषध देण्याचे काम नोंदणीकृत फार्मासिस्टकडे सोपवले. त्यालाच कंत्राटावर राबवायचे, आकडे भरायला बसवायचे आणि नवे शिक्षण मात्र त्याने पदरमोड करून घ्यायचे, ही कसली आधुनिकता? मुदत संपत आलेली गोळी दाखवणाऱ्या यंत्रणेने रखडलेले प्रशिक्षणही दाखवावे, आणि प्रशिक्षणाचे दिवस पगारी धरावेत. कर्मचारी संघटनांनी ही मागणी आता जिल्हा पातळीवर लावून धरली पाहिजे.