ग्लेनबाईंचे ऑस्कर

अमेरिकेच्या ग्लेन क्लोज या गुणी अभिनेत्रीला 1983 ते 2021 या काळात आठ वेळा ऑस्करचे नामांकन मिळाले. पुरस्कार एकदाही नाही. आमच्या मते हा अन्याय आहे.

‘अल्बर्ट नॉब्ज’ ही भूमिका त्यांनी 1982 मध्ये रंगमंचावर केली. ती पडद्यावर यायला 2011 उजाडले. एकोणिसाव्या शतकातल्या डब्लिनमधली एक बाई पोटासाठी पुरुषाच्या वेषात हॉटेलात वेटर होते आणि पैसा पैसा फरशीखाली लपवते. पटकथेतही ग्लेनबाईंचा हात होता. ऑस्कर मात्र पंतप्रधानबाई साकारणाऱ्या मेरिल स्ट्रीप यांना गेले. (वेटरला कोण विचारतो!)

‘द वाइफ’मध्ये नवऱ्याला नोबेल मिळते, पण पुस्तके लिहिलेली असतात बायकोने. 2019 मध्ये तेही ऑस्कर हुकले, आणि मिळाले राणीच्या भूमिकेला! विजेत्या ऑलिव्हिया कोलमन यांनी मंचावरूनच ग्लेनबाईंना मान दिला, हे मात्र आम्हाला आवडले.

त्याच वर्षी ‘द वाइफ’साठी गोल्डन ग्लोब घेताना ग्लेनबाईंना आई आठवली. जन्मभर नवऱ्यामागे राहिलेली ती माउली ऐंशी उलटल्यावर लेकीला म्हणाली होती, आपल्या हातून काहीच झाले नाही असे वाटते. हे आम्ही घरी सांगितले, तेव्हा आमच्या आई भाकरी थापता थापता थांबल्या.