हक्क आधी की कागद?

विवाह हा दोन व्यक्तींचा खासगी करार असला, तरी त्यांतील एक जण परदेशी असेल तर शासन नावाचा तिसरा पक्ष त्या संसारात आपोआप प्रवेश करतो. युरोपीय संघाने याबाबत केलेला कायदा वरकरणी मोठा उदार आहे. २००४ सालच्या निर्देशानुसार, संघातील एखाद्या राष्ट्राचा नागरिक नोकरीधंद्यासाठी दुसऱ्या सदस्य राष्ट्रात राहू लागला, तर त्याच्या जोडीदारालाही, मग तो जगातील कोणत्याही देशाचा असो, तेथे राहण्याचा व काम करण्याचा हक्क मिळतो. हा हक्क अधिकाऱ्याच्या मेहेरबानीतून नव्हे, तर कायद्यातूनच उत्पन्न होतो. निवासपत्र हा केवळ त्याचा पुरावा होय. असे पत्र हाती असणे ही हक्क बजावण्याची पूर्वअट करता येणार नाही, हे त्या निर्देशाच्या २५ व्या कलमात स्पष्टच म्हटले आहे.

या विचाराच्या जडणघडणीत एका भारतीयाचा वाटा आहे. सुरिंदर सिंग हे आपल्या ब्रिटिश पत्नीसह १९८३ ते १९८५ या काळात जर्मनीत नोकरीस होते. पुढे ब्रिटनमधील त्यांच्या वास्तव्याचा वाद लक्झेंबर्गच्या न्यायालयात गेला. दुसऱ्या सदस्य राष्ट्रात काम करून नागरिक मायदेशी परतला, तरी त्याच्या परदेशी जोडीदाराचा निवासाचा हक्क शाबूत राहतो, असा निर्वाळा न्यायालयाने १९९२ मध्ये दिला. जोडीदाराने आधी एखाद्या सदस्य राष्ट्रात कायदेशीर वास्तव्य केलेले असावे, ही आयर्लंडची अटही २००८ साली याच न्यायालयात टिकली नाही.

कायद्याने हक्क आधी व कागद नंतर असा क्रम लावला. व्यवहाराने तो उलटा केला. अर्जाची पोचपावती तत्काळ आणि निवासपत्र सहा महिन्यांत द्यावे, असा नियम आहे. परंतु मधल्या काळात नोकरी देणारा मालक, घर भाड्याने देणारा इसम किंवा बँकेतील कारकून यांना २५ वे कलम कोण समजावून सांगणार? अपात्र माणसाला कामावर ठेवले तर मालकाला दंड होतो. पात्र माणसाला परत पाठविले तर बहुधा त्याचे काहीच जात नाही. चुकीची किंमत अशी एकाच बाजूला मोजावी लागते, तेव्हा शहाणा माणूस नकार देऊन मोकळा होतो. पुराव्याचा सारा खर्च मग ज्याच्या गाठीशी सर्वांत कमी आहे, त्याच्यावर पडतो.

गोमंतकाला हा प्रश्न परका नाही. १९६१ पूर्वीच्या पोर्तुगीज राजवटीच्या आधारे पोर्तुगीज नागरिकत्व घेऊन अनेक गोवेकर इंग्लंडला गेले. त्यांतल्या कित्येक घरांत पती पोर्तुगीज आणि पत्नी भारतीय. ३१ जानेवारी २०२० रोजी ब्रिटन संघाबाहेर पडले आणि तेथे पायाच बदलला. आधीपासून राहत असलेल्यांनाही नवा दर्जा मागण्यासाठी अर्ज करावा लागला. त्याची सर्वसाधारण मुदत ३० जून २०२१ होती. पूर्वी कागद नसला तरी हक्क होता. आता अर्ज राहिला तर हक्कच धोक्यात आला.

केवळ कागदासाठी लावलेली खोटी लग्ने शासनाने पाहूच नयेत काय? अवश्य पाहावीत. निर्देशाचे ३५ वे कलम त्यासाठीच आहे. परंतु काही लबाडांच्या संशयापायी प्रत्येक प्रामाणिक दाम्पत्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे हा न्याय नव्हे. पोचपावतीला निवासपत्राचीच किंमत द्यावी, मालकांना व बँकांना तसे लेखी कळवावे, आणि विलंबाची भरपाई विलंब करणाऱ्या कचेरीने द्यावी. तसे झाले, तर टेबलावर पडून राहिलेल्या अर्जाची किंमत त्या कचेरीलाही कळेल. जो हक्क सिद्ध करता करता माणसाची नोकरी जाते, तो हक्क कायद्याच्या पुस्तकात कितीही ठळक छापला तरी त्याच्या घरची चूल पेटत नाही.