नळ जमेला, गटार कुणाच्या नावे?

बँकेत तीसेक वर्षे काढल्यावर एक खोड लागते. जमेची नोंद दिसली की डोळे नावेची बाजू शोधू लागतात. खेड्यांतल्या नळयोजनांकडे पाहताना माझे तेच होते.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये ‘जलजीवन मिशन’ जाहीर झाले तेव्हा देशातल्या सव्वातीन कोटी ग्रामीण घरांत नळ होता. २०२५ पर्यंत हा आकडा पंधरा कोटींपुढे गेला. बरेच नळ कोरडे असल्याच्या तक्रारी आहेत, आणि त्या खऱ्याही आहेत. पण जिथे पाणी आले, तिथे ते वापरून जाते कुठे? योजनेत माणशी रोज ५५ लिटर धरलेले आहेत. त्यातले ऐंशी टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडते, असा अभियंत्यांचा ढोबळ हिशेब. म्हणजे पाच माणसांच्या घराचे २२० लिटर आणि दोन हजार वस्तीच्या गावाचे ८८ हजार. रोजचे!

१९८७ च्या सुमारास मी मराठवाड्यातल्या एका शाखेत होतो. घरमालकीण आडाचे पाणी शेंदून आणी. तांदूळ धुतलेले पाणी म्हशीला, आंघोळीचे न्हाणीमागच्या केळीला आणि अळूला. भांडी राखेने घासली जात. मोरीमागे चिखल असे, पण डबके साचायला पाणीच तेवढे नव्हते. (या काटकसरीचे मी गोडवे गात नाही. त्यात त्या बाईची कंबर गेली.)

आता पाणी वाढले आणि त्याची जातही बदलली. त्यात साबण, तेलाचा ओशटपणा, खरकटे, केस असतात. स्वस्त धुलाई पावडरीत धुण्याचा सोडाच जास्त. त्यातले सोडियम साचत गेले की काळी जमीन घट्ट होते, पाणी मुरू देत नाही. केळही त्यावर फार दिवस तग धरत नाही. तान्ह्या मुलाची दुपटी धुतली की मैलाही आलाच. असे पाणी एक-दोन दिवस तुंबले की सडून वास मारते आणि हत्तीरोग पसरवणाऱ्या क्युलेक्स डासाची त्यात चंगळ होते.

पाणी उताराने जाते, आणि आपल्या गावांत उताराला कोणाची घरे असतात, हे मराठी वाचकाला सांगायला नको. वरच्या आळीचे धुणे खालच्या वस्तीच्या उंबऱ्याशी साचते. नावेची नोंद सापडते ती तिथे.

उपाय नाही असे नाही. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णी गावाने घरोघर शोषखड्डे घेऊन गटारेच बंद केली. चार फूट लांब-रुंद-खोल खड्डा, त्यात दगडगोटे, वर भोके पाडलेली छोटी टाकी. डास हटले आणि तो ‘नांदेड पॅटर्न’ म्हणून गाजला. पैशांचीही तरतूद झाली. स्वच्छ भारत मिशनच्या २०२० मधल्या दुसऱ्या टप्प्यात पाच हजारांपर्यंतच्या गावांना सांडपाण्यासाठी माणशी २८० रुपयांपर्यंत ठरले. दोन हजार वस्तीला पाच लाख साठ हजार.

पण खड्डा म्हणजे मुदत ठेव नव्हे, की एकदा ठेवली आणि विसरलो. त्यालाही घसारा असतो. ओशट गाळाने तो बुजतो. काळ्या चिकणमातीत तर मुळातच पाणी कमी मुरते. टाकी वेळच्या वेळी उपसावी लागते.

गेल्या पावसाळ्यात त्या जुन्या गावी गेलो होतो. घरमालकीण आता नाही. सुनेच्या दारात नळ आहे, शोषखड्डाही आहे. झाकण उचलून पाहिले, तर टाकी काठोकाठ खरकट्याने भरलेली आणि पाणी खड्ड्याला वळसा घालून खालच्या वस्तीकडे निघालेले. मी म्हटले, “हे उपसत का नाही?” ती म्हणाली, “साहेब, खड्डा आमचा का पंचायतीचा, तेवढं विचारून सांगा.”

ग्रामपंचायतीत गेलो. कुलूप होते.