निअँडरथल माणसाचा आणि कोव्हिडचा संबंध काय?

२०२० च्या सप्टेंबरमध्ये, कोव्हिडची पहिली लाट जोरात असताना, 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत एक संशोधन प्रसिद्ध झालं. कोव्हिड गंभीर होण्याचा धोका वाढवणारा डीएनएचा एक तुकडा माणसाला निअँडरथलांकडून मिळालाय, असं त्यात म्हटलं होतं. दक्षिण आशियात साधारण निम्म्या लोकांमध्ये हा तुकडा आहे. युरोपात १६ टक्के लोकांमध्ये. आफ्रिकेत जवळपास नाहीच.

पण निअँडरथल तर सुमारे ४० हजार वर्षांपूर्वीच संपले. मग त्यांचा डीएनए आपल्यात आला कुठून?

सरळ उत्तर आहे, आपल्या पूर्वजांना त्यांच्यापासून मुलं झाली.

हे उत्तर मिळायला मात्र बराच वेळ लागला. १८५६ मध्ये जर्मनीतल्या निअँडर खोऱ्यात चुनखडीच्या खाणीत काही हाडं सापडली, त्यावरून हे नाव पडलं. १९९७ मध्ये स्वांते पाबो यांच्या टीमने त्याच हाडांमधला मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए वाचला. तो आजच्या माणसाशी जुळेना. संकर झालाच नाही, असं अनेकांनी मानलं. पण हा डीएनए फक्त आईकडून येतो. एखादीला मुलगी झाली नाही, की तिचा धागा तिथेच तुटतो.

२०१० मध्ये पाबोंच्या टीमने पेशीच्या केंद्रकातला डीएनए वाचला आणि चित्रच उलटं झालं. आफ्रिकेबाहेरच्या लोकांचा डीएनए निअँडरथलशी जास्त जुळत होता. आज हा वाटा १ ते २ टक्के धरला जातो. पाबो यांना २०२२ चं नोबेल मिळालं.

तरी शंका होतीच. हे साम्य दोघांच्या आणखी जुन्या, सामाईक पूर्वजाकडून आलं असेल तर? २०१५ मध्ये रोमानियातल्या गुहेत सापडलेल्या, सुमारे ४० हजार वर्षं जुन्या जबड्याचा डीएनए तपासला गेला. त्या माणसाचा निअँडरथल पूर्वज अवघ्या ४ ते ६ पिढ्या मागे होता. म्हणजे खापरपणजोबा, फार तर त्यांचे आजोबा! इतक्या जवळच्या नात्यापुढे ती शंका टिकत नाही. २०२४ च्या एका अभ्यासानुसार ही सरमिसळ साधारण ५०,५०० ते ४३,५०० वर्षांपूर्वीच्या काळात झाली. एखाद-दुसरा अपवाद नव्हता तो, हजारो वर्षं चाललेला प्रकार होता.

आता पुन्हा कोव्हिडकडे. भारतात इतके लोक गेले ते निअँडरथलांमुळे, असा अर्थ काढायचा का? अजिबात नाही. वय, मधुमेह यांसारख्या गोष्टींचा वाटा मोठा होता, आणि दुसऱ्या लाटेत बेड नव्हता, ऑक्सिजन नव्हता. त्याचा दोष डीएनएवर ढकलता येत नाही. शिवाय निअँडरथलांकडूनच आलेला दुसरा एक तुकडा कोव्हिडचा धोका कमी करतो. आणि ज्या तुकड्याची सुरुवातीला इतकी बदनामी झाली, तो एचआयव्हीच्या संसर्गाचा धोका २७ टक्क्यांनी घटवतो, असं २०२२ मध्ये दिसून आलं.

प्रत्येकाच्या वाट्याला आलेले तुकडे सारखे नसतात. २०२५ मध्ये 'सेल' पत्रिकेत २,७०० हून जास्त भारतीयांच्या जनुकांचा अभ्यास आला. माणसागणिक वाटा तोच, १-२ टक्के. पण या सगळ्यांमधले तुकडे एकत्र जुळवले, तर निअँडरथलांचा जवळपास निम्मा जनुकसंच पुन्हा उभा राहिला.