प्राण वाचविणारा हात शेजाऱ्याचा

हेरॉइन वा फेंटानिल यांसारख्या अफूवर्गीय द्रव्यांच्या अतिमात्रेने येणारा मृत्यू अटळ नसतो. या द्रव्यांमुळे मेंदूचे श्वसनावरील नियंत्रण मंदावते, श्वास थांबतो आणि काही मिनिटांत सारे संपते. नॅलॉक्सोन हे औषध त्या द्रव्यांचा परिणाम रोखून श्वास परत आणते. ते देण्यासाठी डॉक्टरच हवा असे नाही. मात्र त्या काही मिनिटांत जवळ कोणीतरी असावे लागते. म्हणूनच या प्रश्नाचे पहिले उत्तर रुग्णालयात नव्हे, वस्तीत शोधले पाहिजे.

कॅनडातील व्हँकूव्हर शहराच्या डाउनटाउन ईस्टसाइड या दरिद्री वस्तीचा इतिहास हेच सांगतो. १९९०च्या दशकात अतिमात्रा आणि एचआयव्ही यांनी तेथे कहर केला, तेव्हा संघटित झाले ते स्वतः व्यसनग्रस्त आणि त्यांचे शेजारी. १९९७ साली वस्तीतील ओपनहायमर उद्यानात मृतांच्या स्मरणार्थ १,००० क्रूस रोवण्यात आले. ‘व्हांडू’ ही व्यसनग्रस्तांची संघटना उभी राहिली. या लढ्याच्या रेट्यामुळे २००३ मध्ये ‘इनसाइट’ हे केंद्र उघडले. स्वतःजवळचे द्रव्य टोचून घेणाऱ्यांवर तेथे परिचारिका लक्ष ठेवीत. केंद्र उघडल्यानंतर त्याच्या ५०० मीटर परिसरातील अतिमात्रेचे मृत्यू ३५ टक्क्यांनी घटल्याचे २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. तरीही केंद्र सरकारने ते बंद पाडण्याचा घाट घातला होता. त्याच वर्षी तेथील सर्वोच्च न्यायालयाने तो एकमताने हाणून पाडला.

पुढे फेंटानिलचे विष बाजारात पसरले. एप्रिल २०१६ मध्ये ब्रिटिश कोलंबिया प्रांताने सार्वजनिक आरोग्यविषयक आणीबाणी जाहीर केली. परंतु घोषणेने श्वास परत येत नसतो. सप्टेंबरमध्ये स्वयंसेवकांनी कोणाचीही परवानगी न घेता गल्लीत तंबू ठोकला आणि नॅलॉक्सोन घेऊन ते पहाऱ्यास बसले. डिसेंबरमध्ये प्रांतिक सरकारला अशा केंद्रांना मान्यता द्यावी लागली. आधी तंबू आला, हुकूम मागाहून आला.

यामुळे व्यसनाला उत्तेजन मिळते, असा आक्षेप घेतला जातो. वस्तुतः इनसाइटमध्ये नियमित येणारे व्यसनमुक्तीच्या उपचारांकडे अधिक प्रमाणात वळल्याचे आढळले. उपचार करायचे तर माणूस आधी जगला पाहिजे, एवढी साधी गोष्ट नीतीचे पाठ देणारे विसरतात.

मात्र वस्तीचा पुढाकार ही शासनाला मिळालेली सुटका नव्हे. २०२३ साली त्या प्रांतात २,५००हून अधिक माणसे विषारी द्रव्यांना बळी पडली. निवारा, उपचार आणि बाजारातील विषारी पुरवठ्याचा बंदोबस्त या गोष्टी तंबूतील स्वयंसेवक देऊ शकत नाहीत. ज्यांनी इतरांचे प्राण वाचविले, त्यांच्याच खांद्यावर सारा भार टाकून सरकारने नामानिराळे राहणे हा अन्यायच होय.

आपल्या देशालाही हा प्रश्न परका नाही. अफूवर्गीय द्रव्यांच्या घातक सेवनामुळे सुमारे ७७ लाख भारतीयांना मदतीची गरज आहे, असे केंद्र सरकारने करविलेल्या पाहणीच्या २०१९च्या अहवालात नमूद आहे. आणि १९८५च्या अमली पदार्थविषयक कायद्याचे २७वे कलम हेरॉइनच्या निव्वळ सेवनासही एक वर्षापर्यंत सक्तमजुरी फर्मावते. अशा स्थितीत बेशुद्ध साथीदाराला टाकून एखादा पळाला, तर दोष केवळ त्याच्या भित्रेपणाचा मानता येईल काय?

तेव्हा मागणी स्पष्ट असली पाहिजे. व्यसनग्रस्त, त्यांचे कुटुंबीय व वस्तीतील कार्यकर्ते यांना नॅलॉक्सोन आणि ते वापरण्याचे शिक्षण विनामूल्य मिळावे. मदतीसाठी हाक मारणाऱ्यावर खटला भरू नये. उपचारकेंद्रे चालण्याच्या अंतरावर असावीत. आणि आपण स्वतः, कार्यकर्ते म्हणून, ‘गर्दुल्ला’ म्हणून ज्याच्याकडे पाठ फिरवितो, त्याच्याही घराचे दार ठोठावले पाहिजे. तोही या वस्तीचाच माणूस आहे.